लाईट मागितली होती, टाळ्या मिळाल्या

परवा बालदिन झाला. संध्याकाळी आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ फोटो पडले. खाली ओळ होती, "ग्रामपंचायतीच्या वतीने बालसभा उत्साहात संपन्न." फोटोत नेहमीचंच. मागे फ्लेक्स, त्यावर नेत्यांचे फोटो मोठे आणि चाचा नेहरू कोपऱ्यात लहान. खुर्च्यांवर मोठी माणसं, खाली सतरंजीवर पोरं. एक मुलगी दोन्ही हातांनी माईक धरून बोलतेय.

मी प्रत्येक फोटो मोठा करून बघितला. एकच गोष्ट शोधत होते. ती मुलगी बोलत असताना कुणी लिहून घेतंय का? आठ फोटोंत खुर्चीवरच्या एकाही माणसाच्या हातात पेन नव्हता. दोघांच्या हातात मोबाईल होता, तोही फोटो काढायला.

पोस्ट लांबणार आहे. आता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आधी वाचा.

मी बीड जिल्ह्यातली. वय बावीस. सध्या छत्रपती संभाजीनगरला शिकते. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका बालसभेत मी सतरंजीवर बसले होते. आठवीत होते. गावातली शाळा सातवीपर्यंत, त्यामुळे आम्ही मुली पुढच्या मोठ्या गावाच्या हायस्कूलला जायचो. बालसभेसाठी हायस्कूलच्या पोरींनाही बोलावलं होतं. सरपंच बाई होत्या. त्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि बोलत होते त्यांचे मालक. (हे चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.)

मी 'बालकांचे हक्क' या विषयावर भाषण केलं. सरांनी लिहून दिलेलं, मी पाठ केलेलं. जगण्याचा हक्क, विकासाचा हक्क, संरक्षणाचा हक्क, सहभागाचा हक्क, असं हाताची बोटं मोजत. जोरदार टाळ्या पडल्या. मला स्टीलचा डबा आणि कंपासपेटी मिळाली.

मग सरांनी विचारलं, अजून कुणाला काही बोलायचंय का? माझी मैत्रीण उठली. ती कधीच स्पर्धेबिर्धेत नसायची. तिचे आईवडील दिवाळी झाली की कोयत्यावर जायचे, ती आणि तिचा भाऊ आजीजवळ राहायचे. ती एकच वाक्य बोलली.

"फाट्यावर लाईट पाहिजे."

आणि खाली बसली.

लोक हसले. वाईट अर्थाने नाही, पण हसले. कुणीतरी म्हणालं, "अगं, फाट्यावर बसून अभ्यास करणार का?" पुन्हा हशा. सरपंचांचे मालक म्हणाले, "लावू, लावू, बाळा. नोंद घेतली." मग खाऊवाटप झालं.

हसण्यात मीही होते. हे आधीच सांगून टाकते.

फाट्यावर लाईट का पाहिजे होती, हे त्या दिवशी तिला कुणीच विचारलं नाही. आम्हा मुलींना ते माहीत होतं. हिवाळ्यात जादा तास सुटून फाट्यापर्यंत यायला अंधार पडायचा. फाट्यावर एक टपरी होती. तिथं गाड्या लावून बसणारी पोरं होती. ती काय बोलायची, कशी गाडी आडवी घालायची, हे आम्ही घरी सांगत नव्हतो. कारण घरी सांगितलं की एकच उपाय होतो. त्या पोरांचं काही होत नाही, आपली शाळा बंद होते. हे आम्हाला तेराव्या वर्षी पक्कं कळत होतं. म्हणून तिने सभेत सगळ्यांसमोर जे बोलता येईल तेवढंच मागितलं. लाईट.

लहान मुलांची मागणी बहुतेक वेळा अशीच असते. वरून बारीकशी दिसते, खाली भलतंच काही असतं. "संडासला कडी पाहिजे." "मधल्या सुट्टीत बाईंनी बाहेर थांबावं." "मागच्या रस्त्याने नको, पुढच्याने जाऊ द्या." मोठ्यांनी अशा वेळी दुसरा प्रश्न विचारायचा असतो. "का गं?" बास, एवढाच. आमच्या सभेत दीडशे माणसं होती आणि हा दोन अक्षरी प्रश्न कुणाच्याच तोंडून निघाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिचे आईवडील परत आले. फाट्यावरच्या गोष्टी कुठूनतरी त्यांच्या कानावर गेल्याच. आईबाप सहा महिने बाहेर, घरी म्हातारी आजी, पोर वयात आलेली, रस्ता असा. त्यांनी काय केलं असेल हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायची गरज नाही. नववीचं वर्ष कसंबसं झालं आणि सोळावं पूर्ण व्हायच्या आत तिचं लग्न झालं. पुढच्या हंगामात नवराबायकोचा एक कोयता झाला आणि मुकादमाकडून उचल मिळाली.

मी त्या आईबापाला राक्षस म्हणणार नाही. ते त्यांच्या परीने मुलीला वाचवत होते. पण एक गोष्ट खरी आहे. त्या मुलीने वेळेत, सभेत, उभं राहून, माईकवर सांगितलं होतं की मला काय पाहिजे. आपण म्हणतो ना, मुली बोलत नाहीत, आधी कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं? ती बोलली होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीडमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ पासून आहे. १०९८ हा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो. सगळं आहे. मांडवात पोलीस आणून लग्न थांबवायची सोय आहे. पण लग्नाच्या दोन वर्षं आधी ती मुलगी फाट्यावर लाईट मागत असते, तेव्हा ते ऐकून घ्यायची सोय कुठे आहे?

मागच्या ऑगस्टमध्ये सुट्टीला गावी गेले होते. ग्रामपंचायतीत रहिवासी दाखल्याचं काम होतं. भाऊसाहेब ओळखीचे, बोलता बोलता विचारलं, जुनी प्रोसिडिंगची वही बघायला मिळेल का? त्यांनी आधी जरा खालीवर बघितलं, मग म्हणाले, "बघ, त्यात लपवायचंय काय!" चांगला माणूस आहे. कपाटातून काढून दिली. मी त्या वर्षीचं नोव्हेंबरचं पान शोधलं.

एक ओळ होती. "बालदिनानिमित्त बालसभा घेण्यात आली. विद्यार्थ्यांनी मनोगते व्यक्त केली. खाऊवाटप करून सभा संपली."

मनोगते व्यक्त केली. म्हणजे माझं पाठ केलेलं भाषण आणि तिची लाईट दोन्ही एकाच शब्दात गेलं. खाऊचं मात्र नाव आलं.

अजून एक गंमत सांगते. आता फाट्यावर लाईट आहे. चार वर्षांपूर्वी तिथं गावाची स्वागत कमान झाली, कमानीवर नावं आली, आणि नावं रात्री दिसावीत म्हणून दिवे आले. म्हणजे खांब उभा करणं अशक्य नव्हतं. पैसे नव्हते असंही नाही. फक्त ज्यांना तो उजेड पाहिजे होता त्यांचं म्हणणं कुठल्याच कागदावर नव्हतं.

तर मुद्दा असा आहे.

आपल्याकडे मुलांना बोलू देणं म्हणजेच सहभाग असं धरून चाललेत सगळे. माईक दिला, फोटो काढला, झालं. माझं म्हणणं आहे की बोलणं हा सहभागाचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे उत्तर. मुलाने काही मांडलं तर ते लिहिलं गेलं पाहिजे आणि त्याला ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळालं पाहिजे. हो तर कधी, नाही तर का. उत्तर नसलेली बालसभा म्हणजे स्नेहसंमेलन.

हे काही मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ ला बालहक्क संहिता मंजूर केली. तिच्या १२ व्या कलमात दोन गोष्टी आहेत. एक, मुलाला त्याच्याशी संबंधित सगळ्या बाबतींत आपलं मत मांडायचा हक्क आहे. दोन, त्याच्या वयाचा आणि समजुतीचा विचार करून त्या मताला योग्य ते वजन दिलं पाहिजे. आपण भाषणात पहिली गोष्ट सांगतो, दुसरी गिळून टाकतो. भारताने ही संहिता ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारली. आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यातही सहभागाचं तत्त्व जवळपास याच शब्दांत आहे.

आणि १९८९ हेच ते वर्ष, ज्या वर्षी आपल्याकडे मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. म्हणजे अठराव्या वर्षी तुम्ही देशाचा पंतप्रधान ठरवायला लायक. पण सतरा वर्षं अकरा महिन्यांपर्यंत तुमच्या शाळेच्या वाटेवर दिवा पाहिजे की नाही हे सांगायला नालायक? नागरिक काय वाढदिवसाचा केक कापल्यावर एका रात्रीत तयार होतो का?

आता कुणी म्हणेल, अगं, सोयी आहेत की. आहेत. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळा व्यवस्थापन समिती आली. त्यात ७५ टक्के पालक, निम्म्या बायका. आपल्या राज्यात त्या समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही घेतले जातात. मी स्वतः सातवीत असताना होते ना. वर्षभरात एकदा बैठकीला बोलावलं, ते चहाचे कप न्यायला. सही मात्र तीन ठिकाणी घेतली.

ग्रामपंचायत विकास आराखडा करायच्या आधी महिला सभा आणि बालसभा घ्याव्यात अशा सूचना आहेत. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने गावांसाठी ज्या नऊ संकल्पना ठरवल्यात त्यात 'बालस्नेही गाव' ही एक आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. पण ग्रामसभेचा सदस्य तोच, ज्याचं मतदार यादीत नाव आहे. मुलं त्यात नाहीत. त्यांचं म्हणणं बालसभेतून ग्रामसभेत कुणीतरी न्यायचं असतं. आणि आमच्या वहीतल्या त्या एका ओळीने सांगितलं ते कसं नेलं जातं.

आता थोडं आमच्या जिल्ह्याबद्दल. हे मला स्वतःला फार उशिरा सुचलं. बालसभा कधी होते? बालदिन १४ नोव्हेंबरला, म्हणून नोव्हेंबरात. ऊसतोडीच्या टोळ्या कधी जातात? दसरा-दिवाळी झाली की. म्हणजे ज्या पोरांचे हक्क सगळ्यात जास्त तुडवले जातात, जी पाचटाच्या कोपीत राहतात, लहान भावंडं सांभाळतात, ज्यांची शाळा सहा महिने बुडते, ती पोरं नेमकी बालसभेच्या दिवशी गावात नसतात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांजवळ, बाकी गाडीत बसून फडावर. उरतो कोण? आम्ही. मास्तरांनी भाषण लिहून दिलेले, पहिल्या बाकावरचे. आम्ही 'समस्त बालकांच्या वतीने' बोलतो आणि डबा जिंकतो. माझ्या मैत्रिणीचं वाक्य सभेत आलं ते ती आजीजवळ थांबली होती म्हणून. तिची चुलत बहीण त्या दिवशी सांगली जिल्ह्यात कुठल्यातरी फडावर होती. तिला काय पाहिजे होतं, देव जाणे.

आता तीन आक्षेप घेते. हे मी घरी, हॉस्टेलवर आणि एसटीत ऐकलेत.

पहिला. "पोरांना काय कळतं?" पोरांना परराष्ट्र धोरण कळत नसेल, मलाही फारसं कळत नाही. पण शाळेच्या संडासची कडी कधीपासून तुटलीय हे शिक्षणाधिकाऱ्याला माहीत नसतं, पाचवीतल्या मुलीला माहीत असतं. खिचडीत मंगळवारी पाणी जास्त असतं हे तिला माहीत असतं. गावातलं कुठलं कुत्रं चावतं आणि कुठला काका विनाकारण जवळ घेतो, हे तिला माहीत असतं. या बाबतीत तज्ज्ञ तीच आहे.

दुसरा. "मुलांना कुणीतरी पढवतं, राजकारणासाठी वापरतं." हा आक्षेप खोटा नाही, म्हणून नीट उत्तर देते. २०२२ मध्ये मुंबईच्या आरे आंदोलनात मुलं दिसली तेव्हा राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मुंबई पोलिसांना पत्र पाठवून कारवाई करायला सांगितलं होतं. मुलांच्या हातात आपला झेंडा देऊन त्यांना पुढे करणं चूकच आहे, मग तो झेंडा कुणाचाही असो. पण मग मंत्री येणार म्हणून पोरांना दोन दोन तास उन्हात लेझीम घेऊन उभं करणं हे काय आहे? तेव्हा कुणी पत्र लिहीत नाही. माझी कसोटी साधी आहे. मुलाला नाही म्हणायची मुभा होती का? त्याचं रोजचं जगणं त्या प्रश्नाशी जोडलेलं आहे का? आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच्या म्हणण्याचं पुढे काय झालं?

या कसोटीवर एक उदाहरण बघा. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात भाम धरणामुळे विस्थापित झालेली दरेवाडी नावाची वस्ती आहे. २०२२ मध्ये तिथली शाळा बंद केली म्हणून पोरं दप्तरं आणि बकऱ्या घेऊन नाशिकच्या दिशेने निघाली. म्हणणं असं, की शाळा नसेल तर दप्तर परत घ्या आणि आम्हाला बकऱ्या द्या, त्याच वळू. मोठे सोबत होते का? होते. पण शाळा पोरांची गेली होती, बकऱ्या वळायला त्यांनाच जावं लागणार होतं. त्या एका वाक्यात कमी पटाच्या शाळांच्या धोरणाचं जेवढं समजतं तेवढं मला दहा अग्रलेखांत समजलं नाही. प्रशासनाला दखल घ्यावी लागली आणि शाळा पुन्हा सुरू झाली. माझा प्रश्न इतकाच आहे, की पोरांना बकऱ्या घेऊन रस्त्यावर का यावं लागलं? शाळा बंद करायच्या आधी त्यांना कुणी विचारलं होतं का?

तिसरा आक्षेप घरातला. "हक्क शिकवले की पोरं कर्तव्य विसरतात, तोंड वर करून बोलतात." माझे वडीलही हेच म्हणतात. पप्पा ही पोस्ट वाचणार आहेत, म्हणून आदरानेच सांगते. ज्या मुलाला "यंदा पैसे नाहीत, पाण्याची टाकी आधी, लाईट पुढच्या वर्षी" असं सरळ उत्तर मिळतं, ते मूल त्या दिवशी अंदाजपत्रक शिकतं. ज्याला "लावू लावू, बाळा" असं मिळतं, ते शिकतं की मोठी माणसं सभेत खोटं बोलतात. मग तेच मूल अठरा वर्षांचं झालं की आपण म्हणतो, आजकालच्या तरुणांना ग्रामसभेत रस नाही, नुसते रील बघतात. आपणच शिकवलंय.

नकाराचं उत्तर कसं द्यावं याचंही एक उदाहरण आहे. उत्तराखंडची रिधिमा पांडे नऊ वर्षांची असताना, २०१७ मध्ये, हवामान बदलाच्या प्रश्नावर राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती. पुढे २०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या १६ मुलांनी मिळून संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे पाच देशांविरुद्ध तक्रार केली, त्यात रिधिमा होती, ग्रेटा थुनबर्ग होती. २०२१ मध्ये समितीने ती तक्रार दाखल करून घ्यायला नकार दिला. आधी त्या त्या देशातल्या न्यायालयात जायला हवं होतं, असं कारण दिलं. म्हणजे मुलं हरली. पण समितीने निकालासोबत त्या मुलांना एक खुलं पत्र लिहिलं. तुमचं कुठलं म्हणणं आम्हाला पटलं, कुठे आम्हाला थांबावं लागलं आणि का, हे सोप्या भाषेत समजावून सांगितलं. आणि २०२३ मध्ये याच समितीने मुलांचे हक्क आणि पर्यावरण यावर मार्गदर्शक भूमिका जाहीर केली, तीही जगभरातल्या हजारो मुलांची मतं घेऊन.

जिनिव्हात बसलेली समिती सोळा पोरांना पत्र लिहू शकते. आमची ग्रामपंचायत तीस पोरांना वहीत चार ओळी लिहू शकत नाही?

लांब कशाला, शेजारच्या कर्नाटकात बघा. तिथे १९९० मध्ये कामकरी मुलांनी 'भीम संघ' नावाची स्वतःची संघटना उभी केली. पुढे कुंदापूर भागात मुलांच्या पंचायती झाल्या, मुलांनी स्वतः गावाची माहिती गोळा करून मोठ्यांपुढे ठेवली. २००६ पासून तिथे सरकारी आदेशाने ग्रामपंचायतींना मुलांची ग्रामसभा घ्यावी लागते. सगळीकडे छान चाललंय असं माझं म्हणणं नाही. पण मुलांच्या सभेला बालदिनाच्या कार्यक्रमापेक्षा जास्त वजन देता येतं, एवढं तिथे दिसतं.

आमच्या वयाच्या मुलांबद्दलही एक बोलते, कारण गोष्ट अठराव्या वर्षी संपत नाही. महाराष्ट्रात कॉलेजमधल्या थेट निवडणुका १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हिंसाचारामुळे थांबवल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकांचा रस्ता पुन्हा उघडला. कागदावर. मी पदवीची तीन वर्षं काढली, एकदाही मतपत्रिका बघितली नाही. म्हणजे बालसभेत टाळ्या, कॉलेजात गॅदरिंग, आणि मग थेट एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीला उभं राहायला पात्र. मधला सराव कुठे करायचा?

हे होणार नाही असं म्हणणाऱ्यांना एकच आठवण. बायकांचं आरक्षण आलं तेव्हाही हेच चाललं होतं. बाई खुर्चीवर, मालक माईकवर. अजूनही आहे बऱ्याच ठिकाणी. पण आमच्या तालुक्यातच मी अशा सरपंच बाया बघितल्यात ज्या आता मालकांना बाहेर बसवतात. सही, ठराव, वही, हे हातात आल्यावर हळूहळू आवाज येतो. मुलांच्या बाबतीत आपण आवाजापासून सुरुवात करतो आणि वहीपर्यंत पोचतच नाही.

म्हणून मागण्या पाच. एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही, आणि मोठा निधी तर नाहीच.

१. बालसभेत प्रत्येक मुलाने जे मांडलं ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहा. 'मनोगते व्यक्त केली' ही ओळ बंद करा. फाट्यावर लाईट पाहिजे, तर 'फाट्यावर लाईट पाहिजे' असंच लिहा.

२. पुढच्या ग्रामसभेत त्यातल्या प्रत्येक मुद्द्याचं उत्तर वाचून दाखवा आणि शाळेच्या फळ्यावर लावा. होणार असेल तर तारीख. होणार नसेल तर कारण. 'नाही' चालेल, गप्प बसणं चालणार नाही.

३. बालसभा वर्षातून दोनदा घ्या. आमच्यासारख्या ऊसतोडीच्या भागात एक तरी सभा टोळ्या परत आल्यावर, उन्हाळ्यात घ्या. १ मे च्या ग्रामसभेच्या आधी सहज बसते.

४. सभेत भाषण नको. मास्तरांनी लिहून दिलेलं तर नकोच. ज्याला उभं राहायची भीती वाटते त्याच्यासाठी चिठ्ठ्यांची पेटी ठेवा, नाव न लिहिता. मुलींशी आधी वेगळं बसून बोला, आणि बोलायला बाईमाणूस असू द्या. एखादं मूल गंभीर काही सांगेल, तर ते सभेत वाचायचं नाही, योग्य ठिकाणी पोचवायचं. बोललेल्या मुलाला नंतर त्रास झाला तर त्या सभेचा उपयोग काय?

५. त्या १० टक्के निधीतून यंदा काय घेतलं हे मुलांना समजेल अशा भाषेत सांगा. त्यांच्या नावाचे पैसे आहेत, त्यांना हिशोब कळू दे.

आणि ज्यांचं वय अठरा ते तीस आहे, म्हणजे माझ्यासारखे, त्यांना वेगळं सांगते. आपण मुलांचा आवाज व्हायला जाऊ नये. तो उद्योग मी आठवीत केलाय, डबा मिळाला. आपल्याला ग्रामसभेत बसायचा हक्क आहे, त्यांना नाही. म्हणून आपलं काम एवढंच. २६ जानेवारीला जायचं, आणि अध्यक्षांच्या परवानगीने उभं राहून विचारायचं, "नोव्हेंबरच्या बालसभेत मुलांनी काय काय मागितलं, ते वाचून दाखवा." वहीत काही नसेल तर तेही सगळ्यांसमोर येईल. भांडायचं नाही, व्हिडिओ काढायचा नाही. फक्त विचारायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं. मी या वेळी सुट्टी काढून गावी जाणार आहे.

ही पोस्ट लिहायच्या आधी मैत्रिणीला फोन केला होता. तिला न विचारता तिची गोष्ट लिहिणं मला पटलं नसतं. तिला पाच वर्षांची मुलगी आहे आता. मी सगळं सांगितलं, वहीतली ओळ वाचून दाखवली. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "लिही की. नाव नको टाकू फक्त." आणि मग, "पोरांनी विचारलं तर सांग, मी काय हसायसारखं नव्हतं मागितलं."

नव्हतं मागितलं, बाई. हसायला आम्हीच चुकलो.

(शेअर करायला परवानगी विचारू नका. तुमच्या गावच्या वहीत काय लिहिलंय ते बघून जमलं तर इथे सांगा.)